आंबेकोंडसाठी फर्माईश

मला कुठलीही वस्तू टाकून देता येत नाही, हे आमच्या घरातलं जुनं भांडण. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, साड्यांचे खोके, बंद पडलेले चार्जर, सगळं माळ्यावर. कॉम्प्युटरचंही तेच. माझ्या या खोडीमुळे एक अख्खी वाडी वाचली, असं मी सांगायला लागले की आमचे हे वर्तमानपत्रामागे तोंड लपवतात. लपवू देत. मी सांगणारच.

मी उर्मिला साळेकर. सह्याद्रीच्या पायथ्याशी सावरखोल नावाचं तालुक्याचं गाव आहे, तिथे राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. शिवाय मी रेडिओ सावरखोलच्या श्रोता संघाची चिटणीस आहे. आता एसटी विजेवर धावते, कॉलेजची पोरं चष्म्याच्या दांडीतून गाणी ऐकतात, तरी दुपारी फर्माईशीचा कार्यक्रम लागला की आमच्या खोऱ्यातले रेडिओ घरोघर सुरू होतात. एक तर डोंगरांच्या बेचक्यात नेट लहरीप्रमाणे येतं आणि जातं, रेडिओ मात्र येतोच. आणि दुसरं म्हणजे आमचे निवेदक सदानंद दळवी. फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं वाचावीत तर दळवींनी. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसापासून पाळण्यातल्या बाळापर्यंत एकही नाव गाळणार नाहीत, घाई करणार नाहीत. स्वतःचं नाव त्यांच्या आवाजात ऐकलं की माणूस हातातलं काम टाकून उभा राहतो. मग संध्याकाळी ती माणसं माझ्या दुकानात येतात आणि म्हणतात, "वहिनी, आमचं नाव लागलेलं तेवढं द्या ना मोबाइलवर."

म्हणून मी रोजचं प्रसारण कॉम्प्युटरवर नोंदवून ठेवायची. यासाठी काडेपेटीएवढी एक डबी मिळते. साधा रेडिओ हवेतल्या लहरींतून गाणं तेवढं काढून घेतो आणि बाकीचं सोडून देतो. ही डबी मात्र लहर जशी येते तशीच्या तशी, कच्ची, कॉम्प्युटरला देते. गाणं काढायचं काम कॉम्प्युटर मागाहून करतो. संघातले बाकीचे सभासद गाणं काढून घेत, खरखर साफ करत आणि कच्ची नोंद पुसून टाकत, कारण ती डिस्कवर भरमसाट जागा खाते. मी पुसत नसे. डिस्कवर डिस्क घेत गेले. त्यात अँटेना एकावर एक फुकट मिळाली होती आणि डबीला भोकंही दोन होती. एक भोक रिकामं ठेवणं माझ्या जिवावर आलं. पहिली अँटेना गच्चीच्या पुढच्या बाजूला केंद्राकडे तोंड करून लावली. दुसरीला जागाच उरली नव्हती, म्हणून ती मागच्या बाजूला, कावळ्या डोंगराकडे तोंड करून. तिच्यातून गाणं पुसटसं आणि खरखरच फार. ह्यांनी मला विचारलं होतं की लोक गाणी जमवतात, तू खरखर कशाला जमवतेस.

उत्तर घेऊन आली डॉ. फरझाना मुकादम. श्रीवर्धनकडची मुलगी, पुण्यात एका संशोधन संस्थेत भूभौतिकीचं काम करणारी. तिने सगळ्या श्रोता संघांना विचारलं होतं की कोणाकडे रेडिओच्या कच्च्या नोंदी आहेत का. सगळ्यांनी अभिमानाने आपली स्वच्छ गाणी पाठवली. मी लिहिलं की माझ्याकडे चार पावसाळ्यांची खरखर आहे, तीही दोन अँटेनांची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात हजर. झेरॉक्सच्या गिऱ्हाइकांना बाजूला सारून तिने विचारलं, "ताई, काही पुसलं नाही ना?" नाही म्हटल्यावर ती माझ्या स्टुलावर बसली आणि चक्क हसायला लागली.

तिने मला समजावलं ते मी आता कोणालाही समजावू शकते. केंद्राच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर चहूकडे पसरते. तिचा एक भाग सरळ माझ्या पुढच्या अँटेनात येतो. दुसरा भाग कावळ्या डोंगरावर आपटून, वळसा घेऊन, किंचित उशिरा मागच्या अँटेनात येतो. कावळ्याच्या निम्म्या उतारावर भैरीचं देऊळ आहे आणि त्याच्यापुढे पत्र्याचा मोठा मंडप. पत्रा रेडिओची लहर झकास परतवतो. एका लहरीची लांबी असते माझ्या दुकानाच्या रुंदीएवढी. सरळ आलेली आणि आपटून आलेली अशा दोन लहरींचे चढउतार शेजारी ठेवून ताडून पाहिले, तर मंडप बोटभर सरकला तरी त्यांचा ताळमेळ बदललेला दिसतो. वारा, पाऊस, झाडांची पानं यांनीही तो बदलतो, पण कॉम्प्युटर लाखो वेळा ताडून पाहून सरासरी काढतो, तेव्हा त्यांचा गोंधळ विरतो आणि उरतो तो डोंगर. उपग्रह काही दिवसांनी एकदा फिरकतो आणि दाट झाडीत फसतो. रेडिओ दिवसभर चालू असतो, आणि गाणं कुठलंही लागलं तरी चालतं.

"डोंगर आज कुठे आहे हे कोणीही मोजेल," फरझाना म्हणाली. "चार वर्षांपूर्वी कुठे होता, ते फक्त तुमच्या खरखरीत आहे."

मला तर गगन ठेंगणं झालं. मी ह्यांना दुकानात ओढत आणलं, सासूबाईंना आणलं, शेजारच्या गिरणीवाल्यालाही बोलावलं. फरझानाचा प्रोग्राम माझ्या डिस्का चावत बसला होता आणि पडद्यावर हळूहळू एक निळी रेघ उमटत होती. ती आडवी जायची, मग थोडी चढायची, पुन्हा आडवी. प्रत्येक पावसाळ्यात एक चढण, आणि प्रत्येक चढण आधीच्यापेक्षा मोठी. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी फरझानाच्या तोंडाकडे पाहिलं आणि टाळी थांबवली. चढण म्हणजे मंडप खाली सरकत होता. मंडप एकटा सरकत नाही, त्याच्याखालची जमीन सरकते. आणि त्या जमिनीखाली, उताराच्या तळाशी, आंबेकोंड आहे. वीस-बावीस घरांची ती वाडी, आणि त्यातलं एक घर माझ्या धाकट्या बहिणीचं, रेश्माचं.

त्या वर्षी कामाला असा वेग आला की काही विचारू नका. तालुक्याने डोंगरावर नजर ठेवायची योजना मंजूर केली, माझा कॉम्प्युटर थेट फरझानाच्या संस्थेला जोडला गेला, दळवींनी रेडिओवर डोंगराची मुलाखत अशा नावाचा कार्यक्रम केला. मला पाहायला शाळांच्या सहली यायच्या. रेश्माही तिच्या सासरी मिरवायची की आमच्या ताईच्या कॉम्प्युटरला डोंगर दिसतो.

मग मे महिन्यात एका दुपारी रेघ एकदम उभी चढली. पाऊस नाही, ढग नाही, आणि रेघ चार वर्षांत चढली नव्हती तेवढी तासाभरात चढली. फरझानाने इशारा दिला, जीपगाड्या धावल्या, आंबेकोंड रिकामं झालं. त्याच दिवशी रेश्माच्या नणंदेची हळद होती. वाटलेली हळद, मांडव, पाहुणे, सगळं तिथेच सोडून लोक डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सोनारवाडीच्या शाळेत उन्हात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी माणसं देवळापाशी जाऊन आली. मंडपाला साधा तडाही नव्हता.

मला काही सुचेना म्हणून मी गच्चीवर गेले. मागच्या अँटेनाचा खांब वाकला होता. खांबापासून टाकीपर्यंत नवी दोरी बांधलेली होती, आणि दोरीवर आमच्या घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या, मधल्या भागात अजून ओल्या. पावसाळ्याआधी गोधड्या धुवायचा आमच्याकडे रिवाजच आहे. ओली गोधडी दोन माणसांना उचलत नाही, आणि सासूबाईंनी तिथे सात-आठ टांगल्या होत्या. डोंगर जागच्या जागी होता, आमची अँटेना सरकली होती. सासूबाईंना विचारलं तर त्या उलट माझ्यावरच चिडल्या. "मी काय डोंगर ढकलला व्हय? गोधड्याच धुतल्या ना?"

सगळ्या तालुक्यात त्याला गोधडीचा भूकंप असं नाव पडलं. माझ्या दुकानात लोक झेरॉक्सला यायचे आणि जाताना विचारायचे की आज काय वाळत घातलंय. ते मी हसण्यावारी नेलं. पण रेश्माचा फोन आला, तो नाही नेता आला. ती म्हणाली, "ताई, सासरी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आता तुझा डोंगर तुझ्यापाशी ठेव." त्यानंतर तिने फोन उचलणं सोडलं. मला फार लागलं ते. लहानपणी माझ्याशिवाय जेवायला न बसणारी पोर ती.

फरझाना मात्र खचली नाही, उलट तिला नवा हुरूप आला. एकाच कॉम्प्युटरवर विसंबणं ही आपली चूक, असं ती म्हणाली. संघातले पाच-सहा जण खोऱ्यात ठिकठिकाणी राहतात, त्या सगळ्यांच्या घरी डब्या आणि दोन-दोन अँटेना बसल्या. आता ज्यांनी खरखर पुसली होती तेच कच्च्या नोंदी ठेवायला माझ्याकडे शिकायला आले, आणि मी त्यांना थोडं ताटकळत ठेवून शिकवलं. आमचा खांब सिमेंटात पक्का झाला. सासूबाई त्याच्या आसपास कोणाला रुमालसुद्धा वाळत घालू देईनात. पण लोकांचा विश्वास काही सिमेंटात बसवता येत नाही. वरच्या कार्यालयाने नियम काढला की सरकारी पथक जागा बघून आल्याशिवाय वाडी रिकामी करायची नाही आणि रेडिओवरून इशाराही द्यायचा नाही.

जुलैत पाऊस कोसळायला लागला तो थांबेचना. त्या दिवशी जेवणं उरकून मी पडद्यासमोर बसले होते. माझी रेघ उचलली. मी धावत गच्चीवर जाऊन खांब बघितला, हलवून बघितला. खाली आले तर संघातल्या सगळ्यांच्या रेघा माझ्या रेघेच्या बरोबरीने चढत होत्या. तेवढ्यात पुण्याहून फरझानाचा फोन आला.

"ताई, ही गोधडी नाही," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत उतार टिकेल असं तिला वाटत नव्हतं. तिने वर इशारा पाठवला होता, पथक निघालंही होतं, पण पुलावर पाणी आल्यामुळे ते नदीच्या अलीकडे अडकलं होतं. आंबेकोंडचे मोबाइल सकाळपासून मुके होते. मी तरी रेश्माला लावून बघितला. काहीच ऐकू आलं नाही.

ह्यांना पडद्यासमोर बसवलं आणि मी केंद्राकडे निघाले. छत्री पहिल्याच वळणावर उलटी झाली, ती तिथेच टाकली. आयुष्यात टाकून दिलेली माझी ती पहिली वस्तू असेल. केंद्र जनरेटरवर चालू होतं आणि दळवी फर्माईशीचा कार्यक्रम करत होते. काचेतून मला ओलीचिंब बघून त्यांनी गाणं लावलं आणि बाहेर आले.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. दळवी ऐकत राहिले आणि मग म्हणाले की सरकारी हुकमाशिवाय इशारा वाचला तर केंद्राचा परवाना जाईल, आणि मे महिन्यानंतर तर लोकही ऐकणार नाहीत. मी म्हटलं, परवाना गेला तर जाऊ दे. ते मान हलवत होते, पण ती नकाराची मान नव्हती. ते विचार करत होते.

"इशारा वाचायला मला हुकूम लागतो," ते म्हणाले. "फर्माईश वाचायला लागत नाही. नावं सांगा, वहिनी."

आंबेकोंडची नावं मला शोधावी लागली नाहीत. इतकी वर्षं त्या वाडीच्या फर्माईशी मी कापून मोबाइलवर देत आले होते. कोणत्या घरात कोण थोरलं, कोणाला नातू झाला, कोणाची सून नवी, सगळं पाठ होतं. मी त्यांच्या शेजारी बसून एकेक घर सांगत गेले. दळवींनी गाणं खाली आणलं आणि नेहमीच्या त्या सावकाश आवाजात सुरुवात केली.

"आता एक खास फर्माईश. सावरखोलहून उर्मिला साळेकर यांनी ही फर्माईश पाठवली आहे आंबेकोंडसाठी. पार्वताबाई कदम, अनंत कदम, रेश्मा कदम, चिरंजीव स्वराज, कुमारी दुर्वा. तुमचं गाणं सोनारवाडीच्या शाळेत वाजणार आहे. आहात तसे उठा आणि तिकडे निघा. गुरांच्या वाटेने जा, ओढ्याच्या रस्त्याला जाऊ नका. गंगाराम मालुसरे, द्रौपदी मालुसरे, विठ्ठल मालुसरे आणि घरी आलेलं नवं बाळ. तुमचंही गाणं सोनारवाडीच्या शाळेत."

असं एकेक घर. प्रत्येक घराला तीच वाट, तीच शाळा. एकही नाव गाळलं नाही, घाई केली नाही. मला मात्र त्या सावकाशपणाने जीव नकोसा झाला होता. सगळी घरं संपली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की बहिणीला काही वेगळं सांगायचं आहे का. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्या कानात सांगितलं, आणि त्यांनी चेहरा जरासुद्धा न बदलता ते वाचलं.

"रेश्माताई, तुमच्या ताई सांगताहेत की त्यांनी स्वतः गच्चीवर जाऊन बघितलं आहे. दोरीवर आज काहीही वाळत नाही."

मग पुन्हा पहिल्या घरापासून. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. इतर गावच्या लोकांनीही ते ऐकलं असणार, कारण केंद्राचा फोन सारखा वाजत होता, पण आम्ही उचलत नव्हतो. नावांच्या मध्ये दळवी गाणी लावत होते. गाणं लागलं तरी लहर जात राहते आणि डोंगर दिसत राहतो, हे त्यांना माहीत होतं. ह्यांचे मेसेज येत होते. रेघ चढतेय. अजून चढतेय. फार चढतेय. हा माणूस एरवी लग्नाच्या वाढदिवसालाही मला मेसेज करत नाही.

चौथ्या वाचनाच्या मध्येच मेसेज आला की रेघ संपली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सगळ्यांच्या रेघा एकदमच तुटल्या होत्या. लहर परतवायला मंडपच उरला नव्हता. थोड्या वेळाने लांबून घरघर ऐकू आली, आणि केंद्राच्या काचा थरथरल्या. मी दळवींना मोबाइल दाखवला. त्यांनी वाचायचं थांबवलं आणि एक गाणं लावलं. त्यांचे हात माईकच्या दांडीवर तसेच राहिले. माणसं वाटेवर होती की घरात, हे पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. डोंगर दाखवणाऱ्या त्या यंत्राला माणसं दिसत नाहीत, याचा मला त्या वेळी फार राग आला.

गाणं संपलं, दुसरं लागलं. तेही संपत आलं तेव्हा फोन पुन्हा वाजला. फोनवर सोनारवाडीच्या शाळेचा नंबर दिसत होता. शाळा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उंचावर, तिथे नेट असतं. दळवींनी माझ्याकडे बघितलं आणि फोन थेट प्रसारणाला जोडला.

"हॅलो, मी रेश्मा कदम बोलतेय. आंबेकोंडहून, नाही, सोनारवाडीहून. फर्माईश सांगायची आहे."

"सांगा," दळवी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बसलेला ऐकला मी.

"आधी नावं सांगते. गंगाराम मालुसरे, द्रौपदीकाकी, विठ्ठलभाऊ, बाळ." धाप लागली होती तिला. मागे गलका चालला होता, कोणी रडत होतं, कोणी पोरांना हाका मारत होतं. स्वतःचं घर तेवढं मागे ठेवून ती एकेक घर घेत होती, बाकी आमच्याच क्रमाने, आणि मी बोटं मोजत तिच्याबरोबर ओठ हलवत होते. एका घरात ती अडखळली आणि कोणाला तरी विचारून पुढे गेली. सगळ्यात शेवटी स्वतःचं घर. अनंत, स्वराज, दुर्वा. आणि ती थांबली.

पार्वताबाई राहिल्या होत्या. रेश्माच्या सासूबाई. मी खुर्चीवरून उठले.

"आणि आमच्या आत्याबाई," रेश्मा म्हणाली. "त्या इथंच आहेत, पण मी सांगणार होते ते गाणं त्यांना नको आहे. त्या म्हणतात, घर गेलं, देऊळ गेलं, आता निदान जाखडीचं तरी लावा. थांबा, त्याच बोलतात." मग पार्वताबाईंचा खणखणीत आवाज आला. त्यांनी दळवींना बजावलं की मागच्या वेळेसारखं अर्ध्यावर तोडू नका, पुरतं वाजवा.

दळवींनी मान खाली घातली आणि डोळे पुसले. मी तर रडत होते आणि हसतही होते. त्यांनी गणपतीतल्या जाखडी नाचाचं गाणं शोधून लावलं. फोन अजून चालू होता, आणि गाण्याच्या सुरुवातीच्या ढोलकीवर रेश्माचा आवाज आला, आता हळू.

"आणि ताई, ऐकतेस ना? इथं सगळी भिजलीत. पोरं कुडकुडताहेत. तुझ्याकडच्या गोधड्या पाठव. सगळ्या."

मी भिजतच घरी पळाले. पुलावरचं पाणी ओसरलं की निघायचं म्हणून दारात ह्यांनी टेम्पो आणून लावला होता. रेडिओ मोठ्याने चालू होता आणि सासूबाईंनी माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली होती. मे महिन्यात धुतलेल्या गोधड्या त्या एकेक करून प्लॅस्टिकात गुंडाळत होत्या. मला बघून त्यांनी एक गोधडी माझ्या हातात दिली.

"धुतल्या म्हणून आज कामाला आल्या का नाय?" त्या म्हणाल्या.